ॲडमिरल मरे यांची चौकशी झाली, खटला झाला नाही

१२ मे १९४५ रोजी कॅनडाच्या नौदलाचे रिअर ॲडमिरल लेनर्ड वॉरन मरे यांना हॅलिफॅक्स बंदरातल्या पदावरून हटवण्यात आले. युरोपातले युद्ध संपून तेव्हा चार दिवस झाले होते. दोन्ही महायुद्धांत मित्रराष्ट्रांच्या एका संपूर्ण युद्धक्षेत्राची सूत्रे ज्याच्या हाती होती असा हा एकमेव कॅनेडियन अधिकारी. विजयाची बातमी आल्यावर ७ आणि ८ मे रोजी हॅलिफॅक्स शहरात दंगल झाली, तिच्यात नौसैनिक आघाडीवर होते, आणि त्याची किंमत त्यांच्या सेनापतीने मोजली. पुढे एका न्यायमूर्तींच्या आयोगाने नौदलाच्या तिथल्या नेतृत्वावर ठपका ठेवला. मरे यांनी कोर्ट मार्शलची, म्हणजे लष्करी न्यायालयातल्या खटल्याची, मागणी केली. ती नाकारली गेली. ते देश सोडून इंग्लंडला गेले आणि तिथेच वारले.

मरे यांची चूक झाली होती, आणि ती लहान नव्हती. त्यांना पदावरून दूर करणे समर्थनीय होते असेच आमचे मत आहे. तरीही कॅनडाने त्यांच्यावर अन्याय केला. चौकशी आयोग आणि खटला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काय घडले आणि का घडले, हे आयोग शोधतो. अमुक माणूस नेमक्या कोणत्या कृत्याबद्दल दोषी आहे, हे खटला ठरवतो. पहिल्याकडून दुसऱ्याचे काम करून घेतले की खापर एका डोक्यावर फुटते आणि बाकीचे नामानिराळे राहतात. हॅलिफॅक्समध्ये तेच झाले, आणि पहिल्यांदा झाले नाही.

मरे नोव्हा स्कोशियाचेच, म्हणजे हॅलिफॅक्स ज्या प्रांतात आहे तिथलेच. जन्म १८९६ चा, पिक्टू परगण्यातला. जानेवारी १९११ मध्ये हॅलिफॅक्सला कॅनडाचे नौदल महाविद्यालय सुरू झाले, त्याच्या पहिल्याच तुकडीत ते चौदाव्या वर्षी दाखल झाले. त्या तुकडीतले चौघे १ नोव्हेंबर १९१४ रोजी चिलीच्या किनाऱ्याजवळ, कोरोनेलच्या लढाईत, ‘गुड होप’ या ब्रिटिश क्रूझरबरोबर बुडाले. पहिल्या महायुद्धात कॅनडाने गमावलेले हे पहिले लष्करी जीव. युद्धानंतर सरकारने नौदलाला जवळजवळ वाऱ्यावर सोडले. १९२२ मध्ये महाविद्यालयच बंद झाले. मरे यांच्यासारख्या मूठभर अधिकाऱ्यांना मोठ्या जहाजांवरचा अनुभव ब्रिटिश नौदलात जाऊन घ्यावा लागला. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा कॅनडाकडे सहा विनाशिका होत्या आणि कायम सेवेत सुमारे १,८०० माणसे. सहा वर्षांनी जवळपास एक लाख माणसे नौदलाच्या गणवेशात सेवा करून गेली होती. इतक्या वेगाने फुगलेल्या संस्थेत काय काय बिघडते हे समजून घेतल्याशिवाय मे १९४५ समजत नाही.

जून १९४१ मध्ये मरे न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सला कमोडोर म्हणून आले. तिथून आइसलंडच्या दक्षिणेपर्यंतचा मधला समुद्र मालवाहू जहाजांच्या काफिल्यांना पार करून देणे हे त्यांच्या दलाचे काम. काफिले दोन प्रकारचे. हॅलिफॅक्सहून निघणारे वेगवान, म्हणजे ९ नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) वर. केप ब्रेटनमधल्या सिडनीहून निघणारे संथ, कागदावर ७ नॉट आणि वादळात त्याहूनही कमी. चाळीस ते साठ मालवाहू जहाजे आठ-दहा किंवा त्याहून जास्त रांगांत, प्रत्येक रांगेत चार-पाच, दोन रांगांत साधारण हजार यार्डांचे अंतर. रचना लांबट न ठेवता रुंद ठेवायची, कारण पाणबुडीला टॉर्पेडो मारायला बाजू सोयीची असते आणि रुंद रचनेत बाजू आखूड राहते. या सगळ्या पसाऱ्याभोवती सुरुवातीच्या काळात एक विनाशिका आणि तीन-चार कॉर्व्हेट. घेर तीस मैलांच्या आसपास, राखणदार चार-पाच.

कॉर्व्हेट म्हणजे २०५ फूट लांबीचे, देवमाशांची शिकार करणाऱ्या बोटींच्या आराखड्यावरून बेतलेले जहाज. वेग १६ नॉट. पृष्ठभागावर चालणारी जर्मन पाणबुडी १७ नॉटच्या वर जायची, म्हणजे पाठलागात कॉर्व्हेट मागेच पडणार. सुरुवातीच्या आराखड्यात पुढचा उंच डेक आखूड होता, त्यामुळे नाकावर फुटलेली लाट थेट मधल्या डेकवर यायची. स्वयंपाकघर मागे, खलाशांची राहण्याची जागा पुढे. जेवणाची भांडी उघड्या डेकवरून न्यायची, ती पोचेपर्यंत थंड झालेली आणि बऱ्याचदा खाऱ्या पाण्याने भरलेली. पन्नास माणसांच्या जागेत ऐंशी जण.

हा त्रास सोसता येण्याजोगा होता. खरी अडचण उपकरणांची होती. ॲस्डिक हे यंत्र पाण्यात ध्वनीचा ठोका सोडून परत आलेल्या प्रतिध्वनीवरून पाणबुडीची दिशा आणि अंतर सांगते. त्याचा झोत खाली फारसा झुकत नाही, म्हणून पाणबुडी खोल असली की शेवटच्या दोन-तीनशे यार्डांत प्रतिध्वनी हरवतो. पाणसुरुंग तर जहाजाच्या मागून टाकायचे. ते सेकंदाला साधारण दहा फूट या वेगाने बुडतात. दीडशे फुटांवर पोचायला पंधरा सेकंद, त्यात जहाजाने आंधळेपणाने कापलेले अंतर मिळवा. तेवढ्यात पाणबुडीचा कप्तान वळून निसटलेला असतो, आणि तिचे कवच फोडायचे तर स्फोट वीस-पंचवीस फुटांच्या आत व्हायला हवा. म्हणून दिशेत काही अंशांची चूकही परवडत नाही. ब्रिटिश जहाजांवर गायरो होकायंत्र होते, फिरत्या चाकावर चालणारे आणि स्थिर राहणारे. कॅनेडियन कॉर्व्हेटवर बराच काळ चुंबकीय होकायंत्रच होते, जे जहाज डोलले की हेलकावे खाते आणि आपल्याच पाणसुरुंगांच्या धक्क्याने भरकटते. पुढच्या बाजूला चोवीस बॉम्ब फेकणारे, संपर्क तुटण्याआधीच मारा करणारे हेजहॉग हे अस्त्र आले, तेही गायरोशिवाय नीट वापरता येत नव्हते. रडारची तीच कथा. ब्रिटिशांच्या २७१ या दहा सेंटिमीटर लहरींच्या रडारला अंधारात पाण्यावर आलेली पाणबुडी काही मैलांवरून दिसायची. कॅनडाच्या स्वदेशी दीड मीटर लहरींच्या संचाला जेमतेम वर डोकावणारा तिचा मनोरा भरवशाने दिसत नसे.

याची किंमत सप्टेंबर १९४१ मध्ये एससी ४२ या काफिल्याने चुकवली. साठावर जहाजे, राखणीला ‘स्कीना’ ही विनाशिका आणि तीन कॉर्व्हेट. ग्रीनलंडजवळ पाणबुड्यांच्या टोळीने गाठले आणि सोळा जहाजे गेली. त्याच लढाईत ‘चॅम्ब्ली’ आणि ‘मूस जॉ’ या दोन कॉर्व्हेटांनी यू-५०१ बुडवली. कॅनडाच्या नौदलाने बुडवलेली ही पहिली जर्मन पाणबुडी. या दोन बोटी प्रेंटिस या अनुभवी अधिकाऱ्याच्या आग्रहावरून आणि मरे यांच्या संमतीने सरावासाठी आधीच समुद्रात होत्या, म्हणून वेळेवर पोचल्या. सराव झालेली माणसे आणि न झालेली माणसे यांतला फरक मरे यांना कळत होता. पण सरावासाठी जहाज मोकळे ठेवायचे तर तेवढी राखण कमी होते, आणि ओटावाला, म्हणजे राजधानीतल्या सरकारला, आकडा हवा होता: किती जहाजे समुद्रात आहेत हा. दुरुस्तीच्या गोद्या पूर्व किनाऱ्यावर मोजक्या, सेंट लॉरेन्स नदीकाठच्या गोद्या हिवाळ्यात बर्फाने बंद. १९४२ च्या अखेरीस ओएन १५४ या काफिल्यातली चौदा जहाजे बुडाली, तेव्हा कॅनडाच्या राखणदार तुकड्या मधल्या अटलांटिकमधून काढून ब्रिटिशांच्या देखरेखीखाली प्रशिक्षणाला पाठवण्याची नामुष्की आली.

या उपकरणांच्या गोंधळाची जबाबदारी कोणाची? नौदलमंत्री अँगस मॅकडॉनल्ड यांनी १९४३ मध्ये आपला सहायक गुपचूप पाठवून माहिती काढली आणि जानेवारी १९४४ मध्ये नौदलप्रमुख पर्सी नेलेस यांची लंडनला बोळवण केली. नेलेस यांचा दोष होताच. पण अडीच-तीन वर्षे जहाजांच्या संख्येवर टाळ्या घेणाऱ्या मंत्रिमंडळाचा, आणि खात्याच्या मंत्र्याचा? त्याचा हिशेब कुठेच मांडला गेला नाही. नेलेस यांच्या जागी जॉर्ज जोन्स आले. जोन्स आणि मरे १९११ च्या एकाच तुकडीतले, आणि त्यांच्यातली चुरस नौदलात जगजाहीर होती.

मरे मात्र तोवर वर चढले होते. सप्टेंबर १९४२ पासून ते हॅलिफॅक्सला अटलांटिक किनाऱ्याचे प्रमुख होते. मार्च १९४३ च्या वॉशिंग्टन परिषदेनंतर वायव्य अटलांटिक हे स्वतंत्र क्षेत्र कॅनडाकडे आले आणि ३० एप्रिलपासून मरे त्याचे सरसेनापती झाले. त्यांच्या क्षेत्रातून जुलै १९४४ मध्ये एचएक्स ३०० हा युद्धातला सर्वांत मोठा काफिला गेला: १६७ जहाजे, दहा लाख टनांहून अधिक माल, राखणीला एक फ्रिगेट (कॉर्व्हेटपेक्षा मोठी राखणदार नौका) आणि काही कॉर्व्हेट. एकही जहाज गेले नाही. संपूर्ण युद्धात कॅनडाच्या राखणीखाली २५,३४३ मालवाहू फेऱ्या ब्रिटनच्या दिशेने पार पडल्या असा अधिकृत आकडा आहे. बदल्यात कॅनडाच्या नौदलाने सुमारे दोन हजार माणसे आणि चोवीस युद्धनौका गमावल्या.

आता हॅलिफॅक्सकडे यावे लागेल. युद्धापूर्वी सत्तर हजारांच्या आसपास वस्तीचे हे गाव. लाकडी घरे, एक मुख्य रस्ता बॅरिंग्टन स्ट्रीट, ट्रामची एक म्हातारी व्यवस्था. त्यात सैनिक, नौसैनिक, गोदी कामगार, त्यांची कुटुंबे येऊन लोकसंख्या लाखाच्या वर गेली. एकेका खोलीला वाटेल ते भाडे, खानावळीपुढे रांगा, सिनेमापुढे रांगा. नोव्हा स्कोशियात दारू फक्त सरकारी दुकानातून बंद बाटलीत मिळायची. बसून प्यायला सार्वजनिक जागा नव्हतीच. घर असलेला माणूस बाटली घरी न्यायचा. बराकीतल्या पोराने कुठे न्यायची? गल्लीत, दारामागे, किंवा चोरट्या अड्ड्यावर चढ्या भावाने. नौदलाची स्वतःची कॅन्टीन होती, पण ती हजारोंना पुरी पडणारी नव्हती. सहा वर्षांत गावकरी खलाशांना कंटाळले, खलाशी गावाचा द्वेष करू लागले. युद्ध संपेल त्या दिवशी हे गाव फोडून काढायचे, असे बराकींतून उघड बोलले जायचे. गावातल्या दुकानदारांनाही ते माहीत होते.

म्हणूनच १९४४ च्या शरद ऋतूपासून शहर, प्रांत आणि तिन्ही दलांच्या बैठका चालू होत्या. त्यातून निघालेली योजना अशी: बातमी येताच दुकाने, खानावळी, सिनेमागृहे, दारूची दुकाने बंद. म्हणजे ज्या दिवशी सगळे शहर रस्त्यावर येणार त्या दिवशी जायला कुठेच जागा नाही. शहराचे पोलीस शंभरसुद्धा नव्हते. नौदलाची किनारा-गस्त होती, पण तिला सौम्य वागण्याच्या सूचना होत्या: पिऊन पडलेल्याला उचलून बराकीत आणा, दिवस आनंदाचा आहे. मरे यांनी सुट्टी सरसकट दिली. हॅलिफॅक्समध्ये तेव्हा सुमारे १८,००० नौसैनिक होते. त्यांतले नऊ हजारांच्या आसपास ७ मेच्या रात्री किनाऱ्यावर होते.

त्या रात्री सिटाडेल टेकडीवरची आतषबाजी शांतपणे झाली. बराकीतले बिअर-कॅन्टीन बंद झाल्यावर तिथले लोकही गावात उतरले. रात्री उशिरा बॅरिंग्टन स्ट्रीटवर एक ट्राम पेटवली गेली, पोलिसांची गाडी उलथवली गेली, अग्निशमन दलाचे पाइप कापले गेले. मध्यरात्रीच्या सुमारास जमाव दारूच्या सरकारी दुकानांत घुसला. पहाटेपर्यंत रस्ते रिकामे झाले होते.

सगळे प्रकरण फिरते ते ८ मेच्या सकाळवर. रात्रीच्या घटनांचे अहवाल येत होते. ते अपुरे होते, दंगलीत नागरिकही मोठ्या संख्येने होते असे त्यांत होते, आणि ते खोटेही नव्हते. पण दारूची दुकाने फुटली होती, ट्राम जळाली होती, आणि दिवस अजून संपूर्ण पुढे होता. मरे यांच्यापुढे तीन मार्ग होते: सुट्टी रद्द करणे, निम्मी करून गस्त दुप्पट करणे आणि कॅन्टीन दिवसभर उघडे ठेवणे, किंवा आहे तसे चालू देणे. काही थोड्यांच्या गुन्ह्यासाठी हजारोंना विजयाच्या दिवशी कोंडून ठेवायचे नाही, या विचाराने त्यांनी तिसरा निवडला. पुन्हा नऊ हजारांवर माणसे बाहेर पडली. दुपारनंतर खिडक्या फुटू लागल्या, बिअरचा कारखाना लुटला गेला, बॅरिंग्टन स्ट्रीटवरची दुकाने एकामागून एक रिकामी झाली. चोरलेला माल घरी नेणाऱ्यांत गावकरी स्त्री-पुरुषही होते. संध्याकाळी मरे आणि महापौर ॲलन बटलर ध्वनिवर्धकाच्या गाडीतून फिरून लोकांना परत जायला सांगत होते. संचारबंदी लागली, बाहेरून सैन्य आणले गेले, तेव्हा गाव शांत झाले. तीन मृत्यू, पाचशेहून अधिक दुकाने आणि कचेऱ्यांची मोडतोड, त्यांतल्या दोनशेहून अधिक ठिकाणी लूट, साडेतीनशेहून अधिक अटका, पन्नास लाख डॉलरच्या आसपास नुकसान.

मरे यांचा बचाव करणारे म्हणतात की त्यांचे लक्ष समुद्रावर होते. हे खरे आहे. १६ एप्रिलला, म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी, ‘एस्क्विमॉल्ट’ ही सुरुंगशोधक नौका हॅलिफॅक्सच्या तोंडाशीच यू-१९० ने बुडवली होती. संकटाचा संदेश जायलाही वेळ मिळाला नाही आणि तराफ्यांवर वाचलेल्यांपैकी कित्येक जण मदत येण्याआधी थंडीने मेले. शरणागतीनंतरही पाणबुड्या बाहेर होत्या आणि त्या आदेश पाळतीलच याची खात्री नव्हती. यू-१९० कॅनडाच्या एका फ्रिगेटला आणि एका कॉर्व्हेटला शरण आली ती ११-१२ मेच्या रात्री, म्हणजे मरे यांच्या गच्छंतीच्या मुहूर्तावर. तरीही हा बचाव आम्हाला पुरा वाटत नाही. सेनापतीला कर्मचारीवर्ग असतो तो याचसाठी, आणि आठ तासांपूर्वी जळालेली ट्राम ही काही लपलेली पाणबुडी नव्हती.

मग तक्रार कशाबद्दल? क्रमाबद्दल आणि पद्धतीबद्दल. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रॉय केलॉक यांचा आयोग नेमला गेला, आणि त्याने एकही निष्कर्ष काढण्याआधी मरे यांना हटवले गेले. गावाला, वर्तमानपत्रांना, साक्षीदारांना त्या दिवशीच समजले की दोषी कोण ठरणार आहे. केलॉक यांनी काम प्रामाणिकपणे केले यात शंका नाही. साक्षी शपथेवर झाल्या, मरे यांनाही ऐकले गेले. निष्कर्षही तथ्याला धरून होते: नौदलाच्या नेतृत्वाने माणसे रस्त्यावरून दूर ठेवण्याची तजवीज केली नाही आणि सुरू झालेला दंगा वेळीच मोडला नाही. पण आयोगापुढे आरोपपत्र नसते. आरोपीला हे माहीत नसते की आपल्याला नेमक्या कोणत्या मुद्द्याला उत्तर द्यायचे आहे. आयोग एका अहवालात दारूच्या दुकानांच्या वेळा, पोलिसांची संख्या, गस्तीचे आदेश आणि एका माणसाची योग्यता हे सगळे एकत्र तोलतो. आणि सरकार त्यातून हवे ते वाक्य उचलते.

ब्रिटिश परंपरेतल्या नौदलात जहाज गमावणारा कप्तान कोर्ट मार्शलसमोर उभा राहायचा. बाहेरून ही शिक्षा वाटते; आतून ते संरक्षण होते. आरोप लेखी आणि नेमका. न्याय करणारे बरोबरीचे अधिकारी, ज्यांना धुके, थकवा आणि अपुरी माहिती म्हणजे काय हे कळते. साक्षीदारांची उलटतपासणी. निकालाच्या वेळी आरोपी आत येई तेव्हा टेबलावर त्याचीच तलवार ठेवलेली असे. टोक त्याच्याकडे असेल तर दोषी. ताशेरे, ज्येष्ठता कमी करणे, बडतर्फी, काय असेल ते त्या खोलीत ठरे आणि विषय तिथे संपे. खडकावर कॉर्व्हेट चढवणाऱ्या पंचवीस वर्षांच्या लेफ्टनंटला जो हक्क होता, तो सरसेनापतीला मिळाला नाही.

या हक्काने काय फरक पडतो हे हॅलिफॅक्सला इतर कोणत्याही गावापेक्षा जास्त ठाऊक असायला हवे होते. ६ डिसेंबर १९१७ रोजी याच बंदराच्या अरुंद भागात दारूगोळ्याने भरलेले ‘माँ ब्लां’ आणि ‘इमो’ ही जहाजे धडकली. स्फोटात सुमारे दोन हजार माणसे गेली आणि गावाचा उत्तर भाग सपाट झाला. (मुंबईकरांना यातले काही समजावून सांगायला नको. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये कापूस आणि स्फोटके घेऊन उडालेले ‘फोर्ट स्टिकीन’ हे कॅनडाच्याच पश्चिम किनाऱ्यावर, प्रिन्स रूपर्टला बांधलेले जहाज होते.) तेव्हाही गाव संतापलेले होते. न्यायमूर्ती ड्रायस्डेल यांच्या चौकशीने ‘माँ ब्लां’चा कप्तान, तिचा पायलट (बंदरात जहाजाला वाट दाखवणारा) आणि बंदरातल्या ये-जा करणाऱ्या जहाजांवर देखरेख करणारे नौदलाचे कमांडर वायट यांना दोषी ठरवले. तिघांवर सदोष मनुष्यवधाचा खटला भरला गेला. कप्तान आणि पायलट पुराव्याअभावी सुटले. वायट यांचा खटला एप्रिल १९१८ मध्ये ज्यूरीपुढे उभा राहिला आणि एका दिवसात ते निर्दोष सुटले. पुढे वरिष्ठ न्यायालयांनी दोन्ही जहाजे सारखीच जबाबदार धरली. चौकशीला जे सिद्ध झाले असे वाटले ते खटल्यात टिकले नाही. वायट यांची कारकीर्द तरीही वाचली नाही, पण नाव वाचले.

केलॉक यांच्याबाबतीत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १९४६ मध्ये सोव्हिएत हेरगिरीच्या प्रकरणात नेमलेल्या आयोगात ते आणि न्यायमूर्ती ताश्रो होते. त्या आयोगाने संशयितांना वकिलाशी भेट न देता डांबून त्यांचे जबाब घेतले आणि नावे जाहीर केली. पुढे न्यायालयात त्यांतले कित्येक सुटले. हॅलिफॅक्समध्ये असले काही झाले नाही, दोन प्रकरणांची तुलना तेवढीच मर्यादित. पण आयोगाच्या अहवालाने न्यायालयाची जागा घ्यावी ही सवय त्या काळच्या ओटावाला लागली होती, हे यातून दिसते.

विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा असा: सेनापतीची जबाबदारी संपूर्ण असते, वाटून घेता येत नाही. गौरव त्याचा, तर दोषही त्याचा. खटल्याची भाषा करून आपण ही जबाबदारी पातळ करतो. शिवाय मरे यांना तुरुंगात टाकले नाही, हुद्दा काढून घेतला नाही, मग अन्याय कसला? या मुद्द्याचा पहिला भाग आम्हाला मान्य आहे. म्हणूनच पदावरून दूर करणे योग्य म्हटले. पण पद काढून घेणे हा प्रशासकीय निर्णय आहे, त्याला सिद्धतेची गरज नसते; त्यानंतर जे झाले तो कलंक होता, आणि कलंकाला सिद्धता लागते. शिवाय संपूर्ण जबाबदारीचे तत्त्व खरेच लावायचे असेल तर ते वरही लावावे लागते. मरे यांच्यावरही वरिष्ठ होते. मुख्यालयाला गावातली परिस्थिती सहा वर्षे माहीत होती, विजयदिनाच्या योजनेचे कागद महिन्यांपूर्वीचे होते. तत्त्व रिअर ॲडमिरलपाशी येऊन थांबले, एवढेच.

मरे इंग्लंडला गेले, पन्नाशी ओलांडल्यावर कायदा शिकले, १९४९ मध्ये लंडनच्या मिडल टेंपल या वकिलांच्या संस्थेतून बॅरिस्टर झाले आणि जहाजांच्या टकरी, विमा, बुडालेला माल असल्या दाव्यांची वकिली केली. डर्बीशरमधल्या बक्सटन गावी १९७१ मध्ये वारले. अटलांटिकची लढाई लढलेले त्यांचे जुने अधिकारी आणि खलाशी त्यांना मानत राहिले. सेंट जॉन्सला असताना थकून परत आलेल्या खलाशांसाठी गावाबाहेर विश्रांतीची छावणी उभी करणारा सेनापती ते विसरले नव्हते. याच प्रेमाने ८ मेच्या सकाळी त्यांचा निर्णय चुकवला असावा असे आम्हाला वाटते. आपली पोरे असे करणार नाहीत, हा विश्वास.

तो खटला उभा राहिला असता तर आरोपपत्र कसे असते, हे ठरवणे अवघड नाही.

पहिला आरोप: ७ मेच्या रात्रीचा दंगा माहीत असूनही ८ मे रोजी सरसकट सुट्टी चालू ठेवली. या आरोपावर मरे दोषी ठरले असते, आणि ठरायला हवे होते. शिक्षा बहुधा कडक ताशेऱ्यांची.

दुसरा: गस्त अपुरी ठेवली आणि तिला दिलेले आदेश ढिले होते. इथे त्यांची सही असलेले कागद पुढे आले असते. पण ती योजना तयार करणारे, पाहणारे, मंजूर करणारे अधिकारीही साक्षीला उभे राहिले असते, आणि मुख्यालयात ती कोणी वाचली हा प्रश्न विचारला गेला असता. दोष अंशतः.

तिसरा आरोप नौदल लावू शकले नसते, कारण तो त्यांचा नव्हताच. नऊ हजार माणसांना एका दिवसासाठी बसायला जागा नव्हती, प्यायला उघडी दुकाने नव्हती, आवरायला पोलीस नव्हते. हे मुद्दे बचाव पक्षाने मांडले असते आणि त्यासाठी साक्षीदार मागितले असते: महापौर बटलर, दारू आयोगाचे अधिकारी, आणि अँगस मॅकडॉनल्ड. १९३३ ते १९४० नोव्हा स्कोशियाचे प्रीमियर (प्रांताचे मुख्यमंत्री), म्हणजे त्या दारू-कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या प्रांताचे प्रमुख. १९४० पासून एप्रिल १९४५ पर्यंत नौदलमंत्री, म्हणजे हॅलिफॅक्समध्ये माणसे कोंबणाऱ्या खात्याचे प्रमुख. गावाच्या बाजूची आणि खलाशांच्या बाजूची अडचण सोडवण्याचे अधिकार ज्याच्याकडे पाळीपाळीने होते असा देशात एकच माणूस होता. उलटतपासणीत त्याला विचारण्यासारखे खूप होते. सप्टेंबर १९४५ मध्ये तो पुन्हा नोव्हा स्कोशियाचा प्रीमियर झाला.